रबरवाला स्प्लिंट, चार महिने वापरून

हात मोडल्यावर लोंबणारं मनगट आणि बोटं वर धरायला हातावर बांधतात तो हा आधार, म्हणजे स्प्लिंट. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. अर्धा कापलाय वेलक्रोसाठी, आणि एक कशासाठी ते पुढं येईलच.

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला आमचं पोळी-भाकरी केंद्र आहे. मी आणि जाऊबाई, दोघी मिळून दिवसाला दीडशेच्या आसपास भाकऱ्या करतो, बहुतेक शाळूच्या. गेल्या श्रावणात ओल्या जिन्यावरून घसरले आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. हाडाचं दुखणं दुखण्यासारखंच होतं. घाबरले ते दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "मावशी, रिक्षाला थांब म्हणता तसा पंजा वर करा." पंजा उठेचना, मनगट नुसतं लोंबत राहिलं. कोपर सरळ होतंय, मूठ वळतेय, पण मनगट आणि बोटं वर येत नाहीत. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. रेडियल नर्व्ह ही नस दंडाच्या हाडाला मागनं वळसा घालून अगदी चिकटून खाली उतरते, त्यामुळं हाड मोडताना तिला मार बसतो. कोपर सरळ करणाऱ्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेच्या फांद्या मोडलेल्या जागेच्या वरच सुटलेल्या असतात, म्हणून माझं कोपर वाचलं. बहुतेकांची नस आपली आपण सुधारते, पण महिने लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. नसेची तपासणी, ईएमजी, तीन आठवड्यांनंतर करायची ठरली. लगेच केली तर मार बसलेल्या जागेच्या खालचा नसेचा भाग मार बसल्यावरही काही दिवस ठीक असल्यासारखा दाखवतो म्हणे.

आधी मेडिकलमधून तयार कॉक-अप स्प्लिंट आणला. कापडी पट्टा, आत ॲल्युमिनियमची पट्टी, चारशेच्या आत. तो वाईट नाही. मनगट वर धरतो आणि तेवढ्यानंच मुठीत जोर येतो. खोटं वाटत असेल तर आत्ता करून बघा: मनगट खाली पाडा आणि घट्ट मूठ वळा, वळतच नाही नीट. मनगट वर केलं की तीच मूठ घट्ट बसते. या पट्ट्यावर मी पिशवी धरायला लागले, चहाचा कप उचलायला लागले. पण बोटं खालीच. कप सोडताना डाव्या हातानं एकेक बोट उघडावं लागायचं.

मग मिरजेत एका थेरपिस्ट ताईंकडून मापाचा करून घेतला. पांढरं जाड प्लास्टिक गरम पाण्यात बुडवलं, पापडाच्या लाटीसारखं लिबलिबीत झालं, आणि माझ्या हातावरच दाबून त्याला आकार दिला. चटका बसेल वाटलं होतं, नुसतं कोमट लागलं. वरून तारेची कमान, कमानीला रबरं, रबरांच्या टोकाला मऊ चामड्याच्या झोळ्या, त्यांत एकेक बोट. घरी आले तर पुतण्या म्हणाला, "काकू, मिरजेहून सतार आणली का?"

झोळ्या बोटांच्या मुळाशीच का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, शेंड्याकडची पेरं सरळ करून दाखवा. झाली! हाताच्या आतले बारीक स्नायू वेगळ्या नसांवर चालतात, त्या माझ्या धड होत्या. बोट अडत होतं ते मुळापासून उचलायला. तेवढंच काम रबराचं. मूठ मी वळायची, ती सोडली की रबर बोट वर घेतं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसता रिमोट धरत आणि सोडत बसले होते. साडेतीन हजार गेले, पण ते मला त्याच दिवशी वसूल वाटले.

आता भाकरी. दिवाळीनंतर हाड जुळलं म्हटल्यावर मी परात ओढली. उकळीचं पीठ मळणं जमलं. थापणं नाही. थापताना पंजा सपाट हवा, बोटं किंचित वर, आणि करंगळीकडची कड भाकरी फिरवते. ही कड कामाची आहे हे मला पन्नाशीत कळलं. स्प्लिंटच्या प्लास्टिकची कड तळहातात येते आणि भाकरीला दर फेरीला एक रेघ पडते. चार भाकऱ्या केल्या, चारही रेघांच्या. गिऱ्हाइकाला देण्यासारख्या नव्हत्या, आम्हीच खाल्ल्या. पुढच्या खेपेला ताईंनी ती कड कापून मागं घेतली. तेव्हा माप द्यायला जाल तेव्हा आपलं काम काय आहे ते आधी सांगा. मी फक्त "घरकाम" म्हणाले होते.

वेलक्रोचं सांगते. शाळूचं पीठ त्याच्या आकड्यांत जाऊन बसतं आणि आठवड्यात पट्टा चिकटेनासा होतो. जुन्या टूथब्रशनं रोज घासायचा. रबरंही ढिली पडतात. मला दोन-अडीच आठवड्यांनी बदलावी लागली, ताईंनी जास्तीची पिशवी दिली होती म्हणून निभलं.

आणि तो एक स्टार. हात धुवायला स्प्लिंट काढून मी शेगडीशेजारी कट्ट्यावर ठेवला, तव्यापासून वीतभर. दहा मिनिटांत अंगठ्याकडची बाजू वाकडी. गरम पाण्यानं मऊ होणारी वस्तू तव्याच्या धगीनं होणारच, पण डोक्यात आलं नाही. "ऊन लागू देऊ नका" असं ताईंनी बजावलं होतं. मी उन्हाला जपत बसले आणि तव्याला विसरले. पुन्हा मिरज, पुन्हा गरम पाणी, पुन्हा आकार. चूक माझी आहे, तरी स्वयंपाकघरात वापरायच्या वस्तूला हे सोसवत नसेल तर स्टार कापणारच.

एक गोष्ट स्प्लिंटच्या हातात नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली, हाताच्या पाठीवरची जागा बधिर होती. एकदा उकळीची वाफ तिथं बसली आणि मला पत्ता नाही. जाऊबाईच ओरडल्या, "अहो ताई, फोड आलाय!" तेव्हापासून पातेल्यावरचं झाकण डाव्या हातानंच काढते.

मार बसलेली नस त्या जागेपासून खाली दिवसाला साधारण 1 मिलिमीटर परत वाढते. मी तेव्हा दंडावर बोटं ठेवून हिशोब करायची, आज कुठवर आली असेल. मार्गशीर्षात कोपर वाकवून हात वर ओढताना अंगठ्याच्या बाजूचा फुगवटा जाऊबाईंच्या बोटांना लागला. पहिला जागा होणारा स्नायू तोच. मग मनगट, मांडीवर आडवा हात ठेवला की थोडं सरकायचं. भोगीला बाजरीच्या भाकऱ्यांची रांग लागलेली असताना मी स्प्लिंट काढून अकरा थापल्या. अंगठा अजून आळशी आहे.

गल्लीतल्या एका बाईंच्या भावाला मोटारसायकलवरून पडून हेच झालंय. त्यांनी स्प्लिंट मागायला मुलगी पाठवली होती. म्हटलं, हा माझ्या हाताच्या मापाचा आहे बाळ, मामाला बसायचा नाही. रबरांची उरलेली पिशवी आणि टूथब्रशाची गोष्ट तेवढी दिली.