मुळांच्या कल्चरसाठी बी-5 पावडर: घ्या, पण एकेका लिटरच्या पुड्यांत

टिश्यू कल्चरच्या (वनस्पतीच्या तुकड्यांपासून रोपं वाढवण्याच्या) लॅबमध्ये मीडिया, म्हणजे पोषक माध्यम, बनवायचा म्हटलं की हात सवयीने एमएसच्या (मुराशिगे-स्कूग मिश्रणाच्या) बाटलीकडे जातो. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या (प्रयोगात वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) मुळांपासून रोपं काढायची असतील तर तो आवरावा आणि बी-5 हे दुसरं मिश्रण घ्यावं. एमएस 1962 साली तंबाखूवर बसवला गेला, बी-5 गॅम्बोर्ग आणि सहकाऱ्यांनी 1968 साली सोयाबीनच्या मुळांच्या पेशींवर. खरा फरक नत्रात आहे. एमएसमध्ये अमोनियम 20 मिलिमोलरच्या आसपास, बी-5मध्ये जेमतेम 2; बाकीचं नत्र पोटॅशियम नायट्रेटमधून येतं, लिटरला 2500 मिग्रॅ. बेल्जियममधल्या घेंटच्या लॅबने 1988 साली मुळांच्या तुकड्यांत जनुक घालायची पद्धत दिली, तीही बी-5वरच.

बाजारात याचे तीन-चार अवतार मिळतात. साखर आणि अगर (मीडिया घट्ट करणारा पदार्थ) आधीच घातलेलं पाकीट सोयीचं वाटतं, पण या कामाला ते निरुपयोगी. त्यात सुक्रोज असतं, इथे हवं 2 टक्के ग्लुकोज. क्षार आणि जीवनसत्त्वंच असलेली पुडी घ्यावी, लिटरला साधारण 3.2 ग्रॅम. नुसत्या क्षारांची 3.1 ग्रॅमची पुडी घेतलीत तर थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) वेगळं घालावं लागतं, तेही 10 मिग्रॅ; एमएसच्या 0.1 मिग्रॅच्या हिशेबाने घालून चालत नाही.

विरघळायला पावडर चांगली आहे. 900 मिली पाण्यात पुडी रिकामी करा, पाकीट आतून धुऊन तेही पाणी त्यात घ्या. मग 20 ग्रॅम ग्लुकोज, 0.5 ग्रॅम एमईएस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), आणि केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) पीएच 5.7. अगर (8 ग्रॅम) त्यानंतरच. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करताना) पीएच थोडा उतरतो. आधीच 5च्या खाली असेल तर अगर धरत नाही आणि प्लेट कलती केली की मीडिया थरथरतो. वेळ वाचवायला दहापट दाट स्टॉक करण्याचा मोह टाळावा, कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की तळाला पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही.

तक्रार आहे ती मोठ्या बाटलीबद्दल. पावडर हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात चार वेळा झाकण उघडलं की खडे होतात, आणि मग 3.2 ग्रॅम तोलले तरी त्यात ओलही तोलली जाते. लिटरच्या पुड्या महाग पडतात, पण फोडली की संपली.

हार्मोन पुडीत नसतात, आणि निम्मा खेळ तिथेच आहे. अख्खी मुळं आधी 3 दिवस कॅलसच्या (पेशींचा गोळा वाढवणाऱ्या) मीडियावर: लिटरला 2,4-डी (ऑक्सिन गटातलं हार्मोन) 0.5 मिग्रॅ, कायनेटिन (सायटोकायनिन गटातलं) 0.05 मिग्रॅ. मूळ किंचित जाड होतं, कडेला बारीक फुगीर ठिपके दिसतात. हे परिचक्राच्या (मुळातल्या वाहक नळ्यांभोवतीच्या थराच्या) पेशी जाग्या झाल्याचं लक्षण. ही पायरी गाळून थेट सायटोकायनिनवर (फुटवे आणणाऱ्या हार्मोनवर) टाकलं तर तुकडे नुसते पिवळे पडतात. नंतर 0.5 सेंमीचे तुकडे करून अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या (झाडात जनुक पोचवणाऱ्या जिवाणूच्या) द्रावणात बुडवायचे, फिल्टर पेपरवर नीट टिपायचे. ओले राहिले की दोन दिवसांत जिवाणूंचा दुधाळ थर सगळं गिळतो. दोन दिवसांच्या सहवासानंतर धुऊन फुटव्यांच्या मीडियावर: लिटरला 2आयपी (सायटोकायनिन) 5 मिग्रॅ, आयएए (ऑक्सिन) 0.15 मिग्रॅ, जनुक न घेतलेल्या पेशी रोखायला कॅनामायसिन 50 मिग्रॅ, आणि जिवाणू मारायला व्हँकोमायसिन 750 मिग्रॅ. अँटिबायोटिक मीडिया कोमट झाल्यावर, ओतण्याआधी. आयएए उजेडात नासतं, म्हणून प्लेटा ओतल्या की अंधारात ठेवा. महिनाभर जुन्या प्लेटांवर फुटवे आले नाहीत तर दोष पावडरला देऊ नका.

वाणही बघा. सी-24ची मुळं भरभरून फुटतात, कोलंबिया त्याच प्लेटवर रुसून बसतं. अगरऐवजी जेलन गम (2 ते 3 ग्रॅम) वापरला तर प्लेट काचेसारखी स्वच्छ दिसते, पण फुटवेही काचेसारखे फुगीर निघण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा साधा, स्वच्छ अगर बरा.

मोहरी किंवा फ्लॉवरसाठी मात्र याच पुड्यांचा खोका मागवू नये. तिथे मुळं सहसा वापरत नाहीत. बीजपत्राचे देठ आणि त्याखालचा दांडा घेतात, तोही बहुधा एमएसवर. फुटवे अडले तर इथिलिन दाबायला लिटरला 5 मिग्रॅपर्यंत सिल्व्हर नायट्रेट, फिल्टरने निर्जंतुक करून.