फर्नेससमोरचा जिओपॉलिमर कोबा: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. हार्डनिंग फर्नेस साडेआठशे-नऊशे अंशांवर चालते आणि तिच्या तोंडासमोरचा जमिनीचा पट्टा हे आमचं जुनं दुखणं. ट्रे ओढताना एखादा लालभडक जॉब, म्हणजे तापवलेला लोखंडी भाग, खाली घसरला की कोबा फुटाण्यासारखा उडायचा. दर थोड्या दिवसांनी तो फोडायचा, परत काँक्रीट ओतायचं, हेच चाललं होतं. गेल्या दिवाळीच्या बंदमध्ये तिथे जिओपॉलिमर टाकलं. फ्लाय ॲश म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख, थोडा स्लॅग म्हणजे पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी, सिमेंट शून्य. आता एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढून झालाय, म्हणून लिहितोय.

साध्या कोब्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे उडतात, हे भट्टीवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. खरी वाट लागते ती नंतर. सिमेंट जमताना त्यात चुन्याचं हायड्रॉक्साइड तयार होतं. चारशे-साडेचारशे अंशांच्या आसपास त्यातलं पाणी निघून कळीचा चुना उरतो आणि पावसाळ्यात ओल लागली की तोच चुना फुगतो. आमचा जुना पट्टा मे महिन्यात नुसता भेगाळलेला असायचा, ऑगस्टमध्ये पहारीची गरजही उरायची नाही. जिओपॉलिमरमध्ये हा मोकळा चुना जवळजवळ नसतोच. राखेतले सिलिका आणि ॲल्युमिना अल्कलीच्या, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या, द्रावणात विरघळून नवं जाळं बांधतात, आणि पाणी उडून गेलं तरी ते जाळं उभं राहतं. जोसेफ डेव्हिडोव्हिट्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या साहित्याला हे नाव दिलं, तेही आगीत टिकणारं काहीतरी शोधताना. म्हणजे उष्णता हा याचा मूळ धंदाच. कमी कार्बनचा बोलबाला नंतरचा.

टाकायचं काम मात्र डोकेदुखी आहे, हे आधीच सांगतो. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की द्रावण उकळत्या चहाइतकं तापतं, त्यामुळे ते आदल्या दिवशीच करून ठेवावं लागतं. गॉगल, रबरी हातमोजे सक्तीचे. ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही वापरायचं नाही, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. सोडियम सिलिकेटची मात्र आम्हाला भीती नव्हती. भोसरीत फाउंड्रीवाल्यांच्या शेजारी बसतो आपण, कोअर (ओतकामातल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बनवायला तेच सिलिकेट वाळूत घालून वरून कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे रोज बघतो.

मिस्त्रींचं आणि माझं वाजलं ते पाण्यावरून. माल चिकट, थापीला धरून राहणारा. मिस्त्री म्हणाले, "साहेब, घमेलंभर पाणी मारू द्या, लोण्यागत फिरंल." नाही दिलं. इथे जास्तीचं पाणी म्हणजे पातळ झालेला अल्कली आणि पोकळ कोबा. मग व्हायब्रेटर लावून कसाबसा बसवला. दुसऱ्या दिवशी ते सवयीने पाण्याचा पाइप घेऊन आले. त्यांना सांगितलं, याला तराई नसते, उलट प्लास्टिकने झाकून ठेवायचं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुरवठादाराने आधी निम्मा स्लॅग असलेलं मिश्रण देऊ केलं होतं. स्लॅग जास्त असला की माल साध्या हवेतही लवकर जमतो, पण त्याबरोबर कॅल्शियम येतं आणि उष्णतेतला फायदा कमी होतो. नुसत्या राखेचं घेतलं तर साठ-सत्तर अंशांची ऊब दिवसभर द्यावी लागते. आम्ही राख जास्त घेतली आणि ताडपत्रीखाली गरम हवेचा ब्लोअर चालवला. ज्यांना ही सोय नाही त्यांनी आधी विचार करावा. खडीच्या जागी तोंडाजवळच्या भागात फायरब्रिकचा ग्रॉग, म्हणजे भट्टीच्या विटांचा चुरा, घातला, बाकी ठिकाणी आपली काळ्या दगडाची खडी आणि क्रश सँड. नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं. बेसॉल्टच्या कचीत ते नावालाच असतं, इथे पुण्याचा दगड कामाला आला.

आता निकाल. लाल जॉब पडतात, काळपट डाग राहतो, पापुद्रा उडत नाही. पावसाळ्यात भुगाही झाला नाही, माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. जुन्या कोब्याशी जिथे जोड आहे तिथे केसाएवढी भेग गेलीय, पण ती वाढलेली नाही. ट्रॉलीच्या लोखंडी चाकाने एक कड मात्र टवका उडून गेली. जुलैत वर पांढरा लोणा आला, तो सोड्याचा. ब्रशने निघतो, परत येतो. क्वेंच ऑइलचे, म्हणजे गरम जॉब बुडवून थंड करायच्या तेलाचे, डाग तर विचारू नका.

माहितीपत्रकात १२०० अंशांचा दावा होता. फर्नेसच्या आतल्या अस्तराला मी हे लावणार नाही. यातल्या सोडियममुळे हे त्या तापमानाला मऊ पडायला लागतं. तिथे हाय ॲल्युमिना कास्टेबलच, म्हणजे भट्टीसाठीचं खास उष्णतारोधक काँक्रीट. किमतीत हे साध्या काँक्रीटच्या खूप वर आणि कास्टेबलच्या बरंच खाली बसतं.

कार्बनबद्दल: सिमेंटचा मूळ माल, क्लिंकर, १४५० अंशांना भाजतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त वायू इंधनातून नाही, खुद्द चुनखडीतून निघतो. जगातल्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. तो भाग इथे वाचतो हे खरं, पण कॉस्टिक आणि सिलिकेट बनवायलाही भरपूर वीज आणि इंधन जातं, म्हणून "शून्य कार्बन" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. घर बांधणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. पीपीसी या राख मिसळलेल्या सिमेंटच्या गोणीत ३५ टक्क्यांपर्यंत राख असतेच आणि गवंड्याला ती वापरता येते. भारतीय मानक आयएस १७४५२ सुद्धा कारखान्यात ओतून आणायच्या वस्तूंसाठी आहे.

येत्या दिवाळीत टेम्परिंग फर्नेससमोरचा पट्टा करतोय. या वेळी द्रावणाऐवजी कोरड्या ॲक्टिव्हेटरची (अल्कली पावडर आधीच मिसळलेली), फक्त पाणी घालायची गोणी घेणार आहे आणि ट्रॉलीच्या कडेला लोखंडी अँगल बसवून घेणार आहे. मिस्त्री तेच. पाणी मी स्वतः मोजून देणार.