दुरुस्तीनंतरही रेड कंट्रोलरची एरर: केबल तपासावी की कार्ड बदलावं?

मदरबोर्ड बदलला, सर्व्हर चालू झाला, तरी रेड कंट्रोलरच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या, लॉगमध्ये एरर दिसतेच आहे. आता समोर दोन वाटा: केबल आणि बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पट्टी) तपासायचं, की सरळ रेड कार्डच बदलायचं? माझं मत स्पष्ट आहे. आधी केबल.

पण त्याहीआधी आकडे बघा. साटा डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांची मोजणी) दुरुस्तीनंतर शून्यावर येत नाही, जुन्या चुका त्यात तशाच दिसत राहतात. समजा आज तो ४१२ आहे. लिहून ठेवा, डिस्कवर तासभर भरपूर लोड टाका, पुन्हा बघा. ४१२च राहिला तर ती जुनी नोंद आहे, काहीही बदलू नका. वाढला तर बिघाड डिस्क आणि कार्ड यांच्यामधल्या वाटेवर असण्याची शक्यता जास्त. सॅस डिस्क (सर्व्हरमध्ये वापरला जाणारा दुसरा प्रकार) असेल तर फाय एररचे, म्हणजे जोडणीतल्या चुकांचे, काउंटर असेच दोनदा बघायचे.

केबलची वाट स्वस्त आहे आणि तिच्यात डेटाला धोका कमी. मदरबोर्ड काढताना या केबल हलतातच. एका मशीनमध्ये चार डिस्क एकदम एरर देत होत्या. चारही एकाच दिवशी खराब होतील हे मला पटेना. एका मिनी-सॅस केबलमधून चार लेन, म्हणजे चार डिस्कच्या वाटा, जातात, म्हणून तिच्याच प्लगवर बोट दाबलं आणि ‘टक्’ आवाज आला. वरून तो नीट बसलेलाच दिसत होता! एकाच स्लॉटची तक्रार असेल तर सर्व्हर बंद करून त्या स्लॉटला दुसरी केबल लावून बघा. चालू रेडमधून डिस्क उपसून प्रयोग कृपया करू नका.

कार्ड बदलायचं कधी? केबल बदलूनही सगळ्या पोर्टवर चुका वाढत असतील, कार्ड आपोआप रिसेट होत असेल किंवा कॅशची, म्हणजे कार्डावरच्या तात्पुरत्या मेमरीची, ईसीसी एरर (मेमरीतला डेटा बिघडल्याची खूण) परत परत येत असेल, तेव्हा. तरी आधी आतलं हवेचं प्लास्टिकचं झाकण परत बसवलंय ना, ते बघा. या कार्डांना बहुधा स्वतःचा पंखा नसतो, झाकण राहिलं की ती तापतात. कार्डाच्या कॅशची बॅटरी नवी असेल तर ती चार्ज होईपर्यंत कार्ड सहसा राइट-थ्रूवर चालतं, म्हणजे लेखन कॅशमध्ये न थांबवता थेट डिस्कवर करतं. तो संथपणा म्हणजे बिघाड नव्हे.

कार्डाचा खर्च तर आहेच, पण खरी जोखीम डेटाची. बॅकअप घेऊन सर्व्हर रीतसर बंद करा, नाहीतर कॅशमध्ये अडकलेलं लेखन जुन्या कार्डासोबत जाईल. नवं कार्ड त्याच कुटुंबातलं घ्या, कारण रेडची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते आणि ती त्यालाच वाचता येते. सुरू करताना ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’, म्हणजे डिस्कवर दुसऱ्या कार्डाची मांडणी सापडली, असा संदेश येईल. घाबरून ‘क्लिअर’ दाबू नका, त्याने ती मांडणी पुसली जाते. सगळ्या डिस्क दिसत आहेत का ते मोजा, आणि मगच ‘इम्पोर्ट’ करा, म्हणजे ती मांडणी नव्या कार्डात घ्या.