प्रेग्नन्सी आणि इम्युनिटीचा ऑनलाइन कोर्स : घेतला ते बरं झालं

सातव्या महिन्यात हा कोर्स लावला, कारण एकच प्रश्न डोक्यात होता, बाळात अर्धे जीन्स बाबाचे, मग आईचं शरीर त्याला परकं समजून हाकलून का देत नाही? हाच प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावारांनी १९५३ मध्ये मांडला होता म्हणे. टी-रेग पेशींचा भाग तर मी दोनदा बघितला, या पेशी बाकीच्या लढाऊ पेशींना आवरतात, उंदरांमध्ये त्या काढून टाकल्या तर गर्भ टिकत नाही. याच पेशींच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मिळालं, साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना. एमडीएससी नावाच्या, इम्युनिटीला आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशींचं मात्र घाईत उरकलंय, आणि मला तेच जास्त हवं होतं! नवजात बाळाच्या रक्तात या पेशी सुरुवातीचे काही आठवडे भरपूर असतात, आतड्यात नवे जंतू शिरतात तेव्हा सूज हाताबाहेर जाऊ देत नाहीत, नंतर कमी होतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना आतड्याचा गंभीर आजार का होतो याच्याशी हे जोडलेलं आहे, एवढ्या मोठ्या गोष्टीला फक्त चार मिनिटं? आवाजही मध्येमध्ये तुटतो. तरी पाचपैकी चार स्टार, आईबाबा होणाऱ्यांनी नक्की बघा.