रतीब कुणाचा लावायचा? गोठ्यावरचं सुटं दूध, पिशवी, टेट्रापॅक की सोया

नव्या घरात सामान लागायच्या आधी दुधाचा प्रश्न येतो. गेल्या महिन्यात माझी भाची पुण्यात भाड्याच्या घरात राहायला गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "मावशी, रतीब कुणाचा लावू?" खाली दुकानात पिशव्या मिळतात. समोरच्या बिल्डिंगमध्ये गवळी कॅन घेऊन येतो. सोसायटीच्या ग्रुपवर काचेच्या बाटलीतल्या 'ए2' दुधाची जाहिरात रोज पडते. घरात दोन वर्षांची मुलगी आहे, आणि जावयांनी अलीकडे दूधच सोडायचं मनावर घेतलंय, कारण वासरांचे हाल त्यांना बघवत नाहीत.

आपण सगळेच 'शुद्ध दूध' म्हणतो, पण कुणाला त्यात पाणी नको असतं, कुणाला रसायन नको असतं, कुणाला जनावराची आबाळ नको असते. तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

सुट्या दुधापासून सुरुवात करते, कारण माझं माहेर गोठ्याचं आणि जीव तिथेच अडकलेला. आजी धार काढायला बसायची तेव्हा आधी कास कोमट पाण्यानं धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, पहिल्या चार धारा वेगळ्या वाटीत घ्यायची. त्यात गुठळी दिसली तर त्या सडाचं दूध चरवीत जात नसे. रेडकाला आधी सोडायचं, पान्हा फुटला की बाजूला बांधायचं आणि शेवटी एक सड त्याच्यासाठी राखायचा. असं दूध तासाभरात घरी येऊन चुलीवर चढत असेल तर त्याच्यासारखं दूध नाही, हे मी आजही म्हणेन.

पण शहरात येणारं सुटं दूध तसं येत नाही. कासेतून दूध निघतं ते अंगाच्या उबेचं, सुमारे 38 अंशांचं, आणि त्या उबेत जंतू झपाट्यानं वाढतात. डेअरीच्या संकलन केंद्रावर ते बल्क कूलरमध्ये 4 अंशांपर्यंत उतरवतात. मोटारसायकलला लटकवलेल्या कॅनला ती सोय नाही. मे महिन्यात दूध नासू नये म्हणून कुणी बर्फ टाकतं, कुणी सोडा, कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणून उन्हाळ्यात गवळ्याचं दूध कधीमधी नासलं तर त्याच्यावर डाफरू नका. एवढ्या उन्हात दोन तास फिरलेलं दूध एकदाही नासत नाही, तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. ते ऐकायला छान आहे, पण न तापवलेलं दूध लहान मुलाला किंवा गरोदर बाईला देऊ नका. ब्रुसेलोसिस (ब्रुसेला जंतूमुळे होणारा आजार) आणि जनावरांचा क्षयरोग कच्च्या दुधातून माणसात येतो. ब्रुसेलाची म्हैस वरून धडधाकट दिसते, एखादं गाभण जनावर गाभडतं तेव्हा संशय येतो. चांगलं उकळलं की हे जंतू मरतात.

उकळून न जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या, आणि तिथे तुलना थोडी अनपेक्षित वळण घेते. एक म्हणजे प्रतिजैविकं. कासदाह झाला की सडात औषधाची ट्यूब सोडतात, आणि त्यानंतरचे काही दिवस ते दूध विकायचं नसतं. दोन म्हशींच्या गोठ्यावर ते ओतून देणं जिवावर येतं, आणि त्या गोठ्यावरून तुमचा रतीब असेल तर ते थेट तुमच्या पातेल्यात येतं. डेअरीत ते हजारो लिटरांत मिसळून विरळ तरी होतं. दुसरी गोष्ट अफ्लाटॉक्सिन. सरकी पेंड, मका किंवा कडबा दमट जागी ठेवला की बुरशी धरते आणि तिचं विष दुधात उतरतं. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, 2018 मध्ये देशभरातून 6,432 नमुने तपासले. त्यांतले सुमारे 93 टक्के पिण्याला सुरक्षित निघाले, आणि युरिया, डिटर्जंट यांसारखी भेसळ सापडली ती फक्त 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मात्र 5.7 टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं, आणि ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळलं. म्हणजे पिशवी घेतली की निर्धास्त झालो, असंही नाही. आपण युरियाच्या व्हिडिओंनी घाबरतो आणि पेंडीच्या पोत्याबद्दल कधी विचारत नाही.

तरीही भाचीला मी रोजच्यासाठी पिशवीच सांगितली. पाश्चरायझेशनमध्ये दूध 72 अंशांवर 15 सेकंद धरून लगेच थंड करतात. रोगजंतू तिथेच मरतात. कागदावर पाहिलं तर पिशवीतलं दूध पुन्हा उकळायची गरज नाही. पण आपल्याकडे पहाटे चारला क्रेट फुटपाथवर उतरतात आणि सातपर्यंत तिथेच असतात, म्हणून आपण एक उकळी आणतो ते बरोबरच आहे. फक्त दिवसातून चार वेळा तेच दूध उकळत बसू नका, ब जीवनसत्त्वं वाया जातात.

पिशवीबद्दलची नेहमीची तक्रार सायीची. साय पातळ आली की दुधात काहीतरी आहे, असं सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणतात. पिशवीवरचा शब्द वाचा. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश 1.5 टक्के, टोन्डमध्ये 3, फुल क्रीममध्ये 6. डबल टोन्डवर जाड साय येणारच नाही. दूध होमोजिनाइज केलं असेल तर चरबीचे कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येऊन बसत नाहीत. भाचीची लेक दोन वर्षांची आहे, तिच्यासाठी गायीचं किंवा फुल क्रीम घे म्हटलं. (वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध देऊच नये, तो विषय डॉक्टरांशी बोलण्याचा.) आणि पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा लटकत ठेवा. तो छोटा त्रिकोणी तुकडा केरात हरवतो आणि पुढे नाल्यात जातो, पिशवी मात्र धुऊन भंगारवाल्याला देता येते.

टेट्रापॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दूध 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात, म्हणून ते न फोडता फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकतं. त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. किंचित करपट चव काहींना आवडत नाही, आणि रोजच्याला महाग पडतं. दोन खोकी कपाटात असू द्यावीत, पावसात गाडी आली नाही तर उपयोगी पडतात. फोडलं की मात्र फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचं.

ए1 आणि ए2 ही दुधातल्या एका प्रथिनाच्या दोन प्रकारांची नावं. ए2 बाटलीचा भाव पिशवीच्या दीडपट, दुप्पट असतो. ऑगस्ट 2024 मध्ये एफएसएसएआयनं ए1-ए2चे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. त्यामुळे दावा अजून छापला जातो. पण म्हशीचं दूध मुळातच ए2 प्रकारचं असतं, हे कुणी सांगत नाही. खिल्लार किंवा गीर गाय जगावी म्हणून जास्त पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, मला ते मनापासून पटतं. आरोग्यासाठी म्हणून देऊ नका.

आता जावयांचा प्रश्न. तो मला टाळता आला नाही. यांतलं कुठलंही दूध घेतलं तरी त्यामागे एक वासरू आहे. कालवड किंवा वगार, म्हणजे गायीचं किंवा म्हशीचं मादी वासरू, झाली तर ती गोठ्यात राहते. गोऱ्ह्याला, म्हणजे गायीच्या नर वासराला, पूर्वी नांगर होता, आता ट्रॅक्टर आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. त्यामुळे गोऱ्हा मोकाट सुटतो आणि म्हशीचं नर रेडकू एकतर विकलं जातं किंवा दुधावाचून झिजतं. याचा दोष मी शेतकऱ्याला देणार नाही. डेअरीला घातलेल्या दुधाच्या पैशात पेंडीचं पोतं येतं की नाही, याच विवंचनेत तो असतो. पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणं मात्र वेगळी गोष्ट आहे. जनावराला अपाय करून दूध वाढवण्याची अशी कृत्यं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहेत, आणि गोठ्यावर ते विचारायला लाजू नये.

दूध सोडायचं ठरवलं तर सोया सगळ्यात जवळचं, प्रथिनं साधारण दुधाइतकी. विकतच्या बदामाच्या पेयात बहुतेक पाणी असतं. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच, 100 ग्रॅममध्ये जवळपास 350 मिलिग्रॅम. पण ब12 झाडापासून मिळत नाही, त्याची गोळी लागते. मोठ्या माणसानं हे स्वतःच्या जबाबदारीवर करावं, दोन वर्षांच्या मुलीचं दूध आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करू नये. हे मी जावयांना सरळ सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

त्या रविवारी आम्ही तिघं शहराबाहेरच्या एका गोठ्यावर गेलो. सरकी पेंडीची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवलेली. वगारींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचल्याची नोंद वहीत होती. तीन रेडकं आयांच्या शेजारीच बांधलेली, त्यांतलं एक नर. "याचं पुढे काय करणार?" जावयांनी विचारलं. गोठेवाले जरा गप्प राहिले, मग म्हणाले, "सहा महिने सांभाळतो. पुढचं खोटं कशाला सांगू?"

भाचीनं तिथून शनिवारचं दोन लिटर लावलंय, विरजणासाठी आणि तुपासाठी. रोजची पिशवी एक लिटरवरून अर्ध्यावर आणली, ती लेकीपुरती. जावई सोयाचा चहा पितात.