पत्र्याच्या खोलीसाठी चुना की कूलर?

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ऊन थेट डोक्यावर उतरतं. कूलरचा गारवा लगेच जाणवतो, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत तो चालतोही झकास. पण वाळा सतत ओला हवा. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत एवढं पाणी आणायचं कुठून? खिडकी बंद असेल तर खोली नुसती दमट होते, आणि वीज गेली की खेळ खलास.

चुन्यात फेविकॉल कालवून पत्र्यावर दोन हात मारले, तर बरंचसं ऊन वरूनच परत जातं. फरक दोन-चार अंशांचा, पण वीजबिल शून्य. पावसात धुपतो, दरवर्षी मारावा लागतो, एवढंच. मी तरी आधी चुनाच मारेन, पैसे उरले तर कूलर. मुंबईच्या दमट हवेत मात्र कूलरच्या भानगडीत पडूच नये.