विदर्भाच्या भटकंतीसाठी कोणता कॅमेरा न्यावा: मोबाईल, सुपरझूम की लेन्स बदलता येणारा?

लोणार, मेळघाट आणि ताडोबा अशी पाच-सहा दिवसांची भटकंती एसटीने, मिळेल त्या ऑटोने आणि शेवटी जंगलातल्या जिप्सीने करायची असेल, तर छायाचित्रणाच्या साहित्याचा निर्णय तीन पर्यायांपाशी येऊन थांबतो: हातातला चांगला मोबाईल, लेन्स न निघणारा सुपरझूम कॅमेरा, किंवा लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि सोबत एक-दोन लेन्स. दुकानात ही तुलना मेगापिक्सेलवर होते. आपल्या भागात ती प्रकाश, धूळ आणि ऊन यांवर करावी, असे माझे मत अनेक उन्हाळे जंगलात काढल्यावर पक्के झाले आहे.

मोबाईलची बाजू सर्वांत भक्कम ठरते ती लोणारला. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठावर उभे राहिल्यावर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सच्या चौकटीतही ते पूर्ण मावत नाही. मोबाईलच्या पॅनोरमामध्ये ते सहज येते. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या अंधाऱ्या छतावरील शिल्पेही स्थिर असल्यामुळे नाइट मोडमध्ये समाधानकारक टिपली जातात. संरक्षित स्मारकांत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, त्यामुळे तिथे मोठा कॅमेरा नेणाऱ्याचा फारसा वरचढपणा उरत नाही.

जंगलात मात्र हे गणित पूर्ण बदलते. व्याघ्र प्रकल्पांत मोबाईलच्या वापरावर बंधने असतात, ती आरक्षण करतानाच वाचून घ्यावीत; पण बंधन नसते तरी साठ-सत्तर मीटरवरचा वाघ मोबाईलमध्ये एक पिवळसर ठिपकाच दिसला असता. इथे खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. निकॉन पी १००० सारखा सुपरझूम २४ ते ३००० मिलिमीटर (आकडा जितका मोठा, तितकी दूरची वस्तू जवळ) इतका पल्ला सुमारे १.४ किलो वजनात देतो, आणि हे आकडे वाचून कोणालाही मोह पडणे साहजिक आहे. अडचण त्याच्या सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीची आहे. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या डीएसएलआर (आरशाच्या) किंवा मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यातील एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे तेरापट असते, शिवाय झूम वाढवत नेला की सुपरझूमचे प्रकाश आत घेणारे छिद्र लहान होत शेवटी एफ/८ वर येते. वाघ बहुधा दिसतो तो पहाटे किंवा सूर्य मावळताना, साग-बांबूच्या सावलीत. चालत्या जनावरासाठी शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळच उघडे ठेवावे लागते, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवणे भाग पडते, आणि लहान सेन्सरवर पट्ट्यांचा तपशील दाण्यांमध्ये विरघळून जातो. हात हलला तर कॅमेऱ्यातील स्थिरीकरण सांभाळून घेते. जनावराची हालचाल त्याला थांबवता येत नाही. त्यापेक्षा ५५-२५० सारखी साधी, हलकी लेन्स कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरइतकी चौकट देते आणि तिचे चित्र निश्चित स्वच्छ येते. दुपारी तर ३००० चा पल्ला जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे दूरची वस्तू कोणत्याही लेन्समधून लहरतच दिसते. पाणवठ्याच्या पलीकडे, सकाळच्या उघड्या उन्हात बसलेला गरुड किंवा बगळा टिपायचा असेल तर सुपरझूमला तोड नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सुपरझूमचा दुसरा गुण धुळीत कळतो. एका एप्रिलमध्ये पुढच्या जिप्सीने उडवलेल्या फुफाट्यात मी लेन्स बदलली, आणि त्यानंतरच्या चारही दिवसांच्या प्रत्येक आकाशात काळे डाग आले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की सफारीच्या आधी मुक्कामावरच मोठी लेन्स चढवायची आणि परत येईपर्यंत ती काढायची नाही. ज्यांना हा संयम जमणार नाही किंवा कॅमेरा घरातल्या तिघा-चौघांच्या हातात फिरणार आहे, त्यांनी सुपरझूमच घ्यावा.

उन्हाबाबत तिन्ही पर्याय सारखेच दुबळे आहेत. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. जिप्सीत कॅमेरा पांढऱ्या दुपट्ट्याखाली झाकून ठेवावा. डीएसएलआरची बॅटरी मिररलेसपेक्षा बरीच जास्त चालते, आणि मेळघाटच्या आतल्या गावांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने मिररलेस नेणाऱ्याने तीन बॅटऱ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचे असेल तर बुरशीपासून लेन्स वाचवण्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात.

म्हणून पहिल्यांदाच निघणाऱ्याला मी एपीएस-सी कॅमेरा, त्यावर कायम चढवलेली ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स, आणि विस्तृत दृश्यांसाठी मोबाईल अशी जोडी सुचवेन. भटकंतीत वैनगंगेकाठचे मार्कंडा देवस्थान असेल तर १८-५५ही घ्यावी. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात याच लेन्सने चांगली येतात. ट्रायपॉड घरी ठेवावा, कारण सहा माणसे बसलेल्या जिप्सीत त्याचे पाय पसरायला जागा नसते. त्याऐवजी एक जाड कापडाची रिकामी पिशवी घ्यावी, जंगलाजवळच्या गावातून दोन किलो हरभरा घेऊन ती भरावी आणि जिप्सीच्या दांड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. परतीच्या वाटेवर ओझे वाटले तर हरभरा मुक्कामाच्या घरी स्वयंपाकाला देऊन टाकता येतो.